फुलीगोळ्याचं बटण

सकाळी लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड टाकायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. पुढचं काम माझं नव्हतं. के. आर. पुरमच्या भाड्याच्या घरात मी स्क्रीनकडे बघत बसायचे आणि तिकडे चिकपेटच्या मागच्या गल्लीत, आमच्या जुन्या घरात, लँडलाइन वाजायची. माझे वडील ती उचलायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. रेकॉर्ड केलेली एक बाई त्यांना इंग्रजीत सांगायची की लॉगिन करणारे तुम्हीच असाल तर हॅशचं बटण दाबा. अण्णा दाबायचे. इकडे कंपनीचं नेटवर्क उघडायचं आणि माझा दिवस सुरू व्हायचा.

बाकी आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

हे विचित्र आहे हे मला कळतं. त्यातून मी कंपनीच्या सिक्युरिटी टीममध्ये, म्हणजे जास्तच विचित्र. कंपनीबाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं तर नुसता पासवर्ड चालत नाही, हे लोकांच्या गळी उतरवण्याचा मला पगार मिळतो. पासवर्ड काय, कुणालाही कळतो. लोक तो मॉनिटरला चिकटवतात, बायकोला सांगतात, मुलाच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून मोकळे होतात. म्हणून दुसरा पुरावा लागतो, जो फक्त तुमच्या हाती असेल. तुमचा फोन, फोनवरचं अ‍ॅप, तुमचं बोट. फोन हरवला, पाण्यात पडला की माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांना व्हिडिओवर बोलावते. चेहरा दाखवा, ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरा, तुमच्या मॅनेजरला कॉलवर घ्या आणि हा माणूस हाच आहे असं त्याच्या तोंडून वदवा. विमानतळावर अडकलेले मोठमोठे साहेब गालाशी कार्ड धरून माझ्यापुढे केविलवाणे उभे राहतात. पूर्वी मला हसू यायचं. नंतर तेही येईनासं झालं.

लँडलाइनचं असं झालं. लॉकडाऊन लागला तेव्हा कंपनीनं सगळ्यांच्या हाती लॅपटॉप देऊन घरी पिटाळलं. मी तेव्हा आईअण्णांकडेच राहत होते. अण्णांचं चिकपेटात अस्तर आणि फॉलचं घाऊक दुकान, आणि घरातली माझी खोली म्हणजे निम्मं गोदाम. कापडाचे गठ्ठे छतापर्यंत. इंटरनेटची केबल कशीबशी आत आणली, पण मोबाईलला रेंज म्हणून नाही. दुसऱ्या पुराव्यासाठी तेव्हा अ‍ॅप आलेलं नव्हतं. मेसेज घ्या नाहीतर कॉल घ्या, एवढंच. मेसेज यायचा तो मी गच्चीवर गेल्यावर, तोवर त्यातला आकडा शिळा झालेला. शेवटी वैतागून मी हॉलमधल्या लँडलाइनचा नंबर देऊन टाकला.

फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, त्यामुळे तो उचलायचं आपोआप आईकडे आलं. तिचे हात कणकेत. ती करंगळीनं रिसीव्हर उचलायची, खांद्यात धरायची आणि त्या बाईचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायची. मध्येच दाबलं तर चालतं असं मी सांगितलं होतं. "बोलत्येय ती. मध्येच कसं तोडायचं?" असं तिचं म्हणणं. ऐकून झालं की "सरी गं बाई, दाबते," म्हणायची आणि दाबायची. हॅश हा शब्द तिनं घेतला नाही. हॅशच्या चिन्हासारख्याच चौकटीत फुल्या आणि गोळे भरायचा खेळ आम्ही लहानपणी पाटीवर खेळायचो, म्हणून ते फुलीगोळ्याचं बटण. आमच्या घरात तेच नाव रुळलं.

हे कशासाठी, असं तिनं एकदा जेवताना विचारलं. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर अण्णांनीच सांगून टाकलं.

"आपल्या शटरला दोन कुलपं कशाला आहेत? तसंच हे."

आमच्या दुकानाला खरंच दोन कुलपं. आजोबांनी घालून दिलेली रीत. एक किल्ली अण्णांकडे, दुसरी थोरल्या काकांकडे, आणि एकट्यानं कुणी दुकान उघडायचं नाही. किल्ली कुणाच्या हाती पाठवायचीही नाही. काकांना ताप असला तर ते मफलर गुंडाळून यायचे, आपलं कुलूप काढायचे आणि परत जाऊन झोपायचे. आजूबाजूचे दुकानदार हसायचे, पण भावाभावांत कधी संशयाचा शब्द झाला नाही. काका गेल्यावर दोन्ही किल्ल्या अण्णांकडे आल्या. तरी कुलपं दोनच राहिली. एक किल्ली डाव्या खिशात, एक उजव्या. कंपनीत नव्या लोकांना दुसरा पुरावा समजावताना मी अजूनही हीच गोष्ट सांगते. काकांच्या मफलरपाशी सगळे हसतात आणि मुद्दा डोक्यात बसतो.

"म्हणजे एक किल्ली माझ्याकडे," आई म्हणाली होती. तिला ते फारच आवडलं.

आई दुसऱ्या लाटेत गेली. दवाखान्यात नेली ती परत आली नाही. यावर मला जास्त लिहिता येत नाही, कारण लिहायला काही जाणवलेलं असावं लागतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. माझं सगळं अंग तसं झालं होतं. लोक येत होते, दाराबाहेरूनच बोलून जात होते, अण्णा भिंतीकडे तोंड करून रडत होते. मी चहा करत होते, डबे परत देत होते, दवाखान्याचे कागद फाइलला लावत होते. रडू येईल म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही.

दिवसकार्य उरकलं आणि मी लॅपटॉप उघडला. टीममधले अर्धे लोक आजारी होते, कुणीतरी बसायलाच हवं होतं. पासवर्ड टाकला आणि हॉलमध्ये फोन वाजायला लागला. तो वाजला की कुणीतरी उचलतं, इतकंच मला सवयीनं माहीत होतं. कोण उचलतं हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. फोन वाजत राहिला. मग थांबला आणि माझ्या स्क्रीनवर नेटवर्क उघडलं. मी मेल वाचायला लागले.

वर बघितलं तर अण्णा दारात.

"आई गेली तुझी," ते म्हणाले. "डोळ्यातून एक थेंब नाही. ऑफिस तेवढं बरं आठवतं."

"रडून काय होणार, अण्णा?" मी विचारलं.

मी टोमणा मारला नव्हता. मला खरंच हवं होतं की त्यांनी सांगावं काय होतं, म्हणजे मलाही जमलं असतं. त्यांना तो उर्मटपणा वाटला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"जा मग. तुझं ऑफिस जिथं आहे तिथंच जाऊन राहा."

रागाच्या भरात माणूस बोलतो तसंच ते बोलले असणार. मी ते अक्षरशः पाळलं. आधी व्हाइटफील्डला एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहिले, मग के. आर. पुरमला स्वतःचं घर बघितलं. जाताना त्यांनी अडवलं नाही, मी मागे वळून बघितलं नाही. आमच्या घराण्यात हट्टीपणाचं दुकान जोरात चालतं.

व्हाइटफील्डच्या पहिल्या सकाळी लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, आणि स्क्रीनवर आलं की तुमच्या नंबरवर कॉल करत आहोत. तेव्हा आठवलं की नंबर बदलायचा राहिला. आता हे उघडणार नाही म्हणून मी आमच्याच टीममधल्या एकाला फोन लावायला घेतला. तेवढ्यात ते उघडलं.

त्यांनी दाबलं होतं. चुकून दाबलं असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नंबर तसाच ठेवला. तेव्हाही उघडलं. तिसऱ्या दिवशीपासून मी त्यावर विचार करणं सोडून दिलं.

पुढे कंपनीत अ‍ॅप आलं. सगळ्यांना ते घ्यायला लावण्याचं काम माझंच होतं आणि मी ते चोख केलं. स्वतःचा नंबर मात्र बदलला नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सणावाराला मी तिकडे जात नव्हते. यायला मनाई नव्हती, बोलावणंही नव्हतं. पण सकाळी नेटवर्क उघडायला किती वेळ लागतो यावरून मला तिकडचं थोडंफार कळायला लागलं होतं. लगेच उघडलं तर अण्णा फोनशेजारीच बसलेत. जरा वेळ लागला तर दारात पेपर घ्यायला गेलेत. फारच लागला तर गुडघा धरलाय. शनिवार-रविवारी फोन येत नाही हे त्यांना पाठ झालं असावं. ऑफिसला जायच्या दिवशीसुद्धा मी घरून निघण्याआधी एकदा लॉगिन करायचे. त्याची काही गरज नव्हती. उघडलं की लॅपटॉप मिटून कॅबमध्ये बसायचे.

मला बरं वाटायचं असं नाही. काहीच वाटत नव्हतं. पण ते उघडल्याशिवाय घरातून पाय निघत नसे.

मग आमच्या मॅनेजरनं मीटिंगमध्ये जाहीर केलं की कॉलवरचा पुरावा आता बंद. तो माझ्यापेक्षा लहान, पुण्याचा, हुशार आहे आणि घाईत असतो. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एखाद्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला की चोर लॉगिन करत राहतो, आणि त्या माणसाचा फोन वाजत राहतो. माणूस दोनदा सोडतो, तीनदा सोडतो, शेवटी कटकट नको म्हणून दाबून टाकतो. झालं, चोर आत. अ‍ॅपमध्ये तसं नाही. स्क्रीनवर एक आकडा येतो, तो आपल्या हातातल्या फोनवर टाकावा लागतो. स्क्रीनपुढे तुम्ही बसलेले नसाल तर आकडा कळणारच नाही.

मी मान डोलावत होते. अण्णांनी तर चोर दोनदा वाजवेपर्यंतही वाट बघितली नसती. सगळ्या कंपनीला शहाणपण शिकवणारी मी, आणि माझ्या दारावरचा राखणदार घंटा वाजली की दार उघडणारा. हे कुणाला कळलं असतं तर माझी चांगलीच शोभा झाली असती.

कॉलवर उरलेल्या लोकांना अ‍ॅपवर आणायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेकाला गाठलं. कुणाला गोड बोलून, कुणाला त्याच्या साहेबाचं नाव घेऊन. सगळे आले. एक दिवस मॅनेजरनं मला बाजूला घेतलं.

"अगं, कॉलवर आता एकच यूजर उरलाय. तू. सिक्युरिटी टीममध्ये असून! आणि तेही लँडलाइन? सीरियसली?"

"करते," मी म्हणाले.

"फ्रायडेपर्यंत कर प्लीज. मला वरती झीरो दाखवायचाय."

"करते म्हटलं ना."

त्याच आठवड्यात एका सकाळी नेटवर्क उघडलं नाही.

उत्तर मिळालं नाही, पुन्हा प्रयत्न करा, असं स्क्रीनवर आलं. मी पुन्हा केला. पुन्हा तेच. मी उठून पाणी प्यायले, गॅस बंद आहे का बघितलं, परत येऊन बसले आणि पुन्हा केला. मग मोबाईल हातात घेतला. त्यात तो लँडलाइनचा नंबर अजून 'आई' म्हणूनच होता. त्या नावावर मी बोट ठेवलं नाही. बॅग उचलली आणि घराबाहेर पडले.

मेट्रोत मी खिडकीबाहेरच्या जाहिराती वाचत होते. फ्लॅटच्या, शाळेच्या, गुडघे बदलून देणाऱ्या दवाखान्याच्या. कुणाला कळवावं लागेल त्याचा विचार करत होते. काकांकडची मंडळी, दुकानातला जुना नोकर. दुकानाच्या दोन्ही किल्ल्या कुठल्या खिशांत असतील तेही मला माहीत होतं. हे सगळं मी बाजाराच्या पिशवीत काय काय टाकायचं हे ठरवावं तसं ठरवत होते. मॅजेस्टिकला गाडी बदलली. चिकपेटला उतरले तेव्हा हात बर्फासारखे झालेत हे कळलं, पण ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.

गल्लीच्या तोंडाशी रस्ता उकरून ठेवला होता. मातीचा ढीग, तुटलेल्या पाइपा, पिवळी पट्टी. आमच्या घरात खालच्या मजल्यावर एक कानडी अक्का पूर्वीपासून भाड्यानं राहतात. आमच्याशी त्या त्यांच्या पद्धतीचं मराठी बोलतात. दारातच भेटल्या.

"आलीस काय, अम्मा? बरं झालं. स्वल्प सांग यांना. बेळग्गे उठल्यापासून तिथंच बसलेत. आंघोळ नाही, तिंडी खाल्ली नाही, कॉफीलासुद्धा हात नाही. दुकान पण उघडलं नाही."

"बसलेत?" मी विचारलं.

"बसलेत म्हणते ना."

मी जिना चढले. अण्णा हॉलमध्ये टेलिफोनशेजारच्या स्टुलावर बसले होते, बनियन आणि पंचावर, दाढी वाढलेली. समोरच्या कॉफीवर साय धरली होती. मला बघून ते उठायला गेले, पण उठले नाहीत. किती म्हातारे झाले होते. हे मला दिसलं, पण जिथं लागायला हवं तिथं पोचलं नाही.

"तुला बरं नाही काय?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे मी. तुम्हाला काय झालंय?"

"मला काय होतंय? फोन आला नाही." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "आज शनिवार नाही. मला वाटलं..."

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. त्यात काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही. बाहेर खोदताना वायर तुटली असणार.

"फोन मेलाय, अण्णा. उचलून बघितला नाहीत?"

"उचलला, आणि नेमका तेव्हाच तुझा आला तर? लाइन एंगेज लागली असती. मग तुझं ऑफिस कसं उघडणार?"

म्हणून सकाळपासून त्यांनी त्या मेलेल्या फोनला हात लावला नव्हता.

अक्का मागोमाग वर आल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "पेटेत सगळ्यांना सांगतात," त्या म्हणाल्या. "आमच्या मगळूचं, मुलीचं ऑफिस मी उघडतो म्हणे. मी बटण दाबल्याशिवाय त्यांची कंपनी सुरू होत नाही म्हणे. तो फोन झाल्यावरच आंघोळ, नंतर दुकान. रोज."

"तुम्ही जावा आता खाली," अण्णा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

अक्का गेल्या. आम्ही दोघंच उरलो. मुलगी सकाळी कामाला बसली म्हणजे ती धडधाकट आहे, हे या माणसाला त्या फोनवरून कळत होतं. मी इतकी वर्षं त्यांच्यावर पाळत ठेवून होते आणि ते माझ्यावर. हे मला नीट समजलं. तेव्हा मी रडायला हवं होतं. जागा होती, वेळ होती, कुणी बघणारंही नव्हतं. मी आतल्या आत चाचपून बघितलं, काही हाताला लागलं नाही.

"कॉफी घेणार?" अण्णांनी विचारलं.

"मी करते."

मी कॉफी केली. आईची फिल्टरची भांडी जागच्या जागी होती. आम्ही कॉफी प्यायलो. पुढच्या सोमवारपासून हा फोन येणारच नाही, हे मला सांगायचं होतं. तसं पाहिलं तर एक वाक्य. ते मी मनात जुळवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ते बशीत ओतून फुंकर घालत होते, सकाळपासूनची पहिली कॉफी.

"साखर बरोबर आहे?" मी विचारलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मी निघाले. वायर जोडायला माणूस संध्याकाळी येईल असं अक्कांनी विचारून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नेटवर्क पहिल्या झटक्यात उघडलं. अण्णांनी रिसीव्हरवरून हात काढलाच नसावा.

शुक्रवार आला. दुपारी मी माझं खातं उघडलं आणि नंबरापुढच्या खुणेवर क्लिक केलं. हा नंबर काढून टाकायचा का, नक्की का, असं सिस्टिमनं विचारलं. लोकांना हाच प्रश्न आला की मी फोनवर सांगते, "येस करा, काही होत नाही." मी येस केलं. काही झालं नाही. अ‍ॅप घेतलं, अंगठा दिला, आणि मॅनेजरला मेल टाकली की झीरो. त्यानं उलट टपाली टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

शनिवार-रविवार चिकपेटला जायचं मी ठरवलं होतं. गेले नाही. जाऊन काय सांगायचं ते सुचेना. अक्कांकडे निरोप ठेवायचं डोक्यात आलं, पण तो निरोप तरी कसला? की तुमच्या मुलीचं ऑफिस आता तुमच्याशिवाय उघडतं?

सोमवारी लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला. स्क्रीनवर एक आकडा आला. तो फोनमध्ये टाकला, अंगठा टेकवला. उघडलं. पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर. मेलवर मेल यायला लागल्या. दोन्ही किल्ल्या आता माझ्याच खिशात होत्या आणि नियमानं सगळं अगदी चोख झालं होतं.

मी पहिली मेल वाचली. परत पहिल्यापासून वाचली. अण्णा आत्ता स्टुलावर बसले असतील. आंघोळ केली नसेल. कॉफी थंड होत असेल. आणि लाइन अडकू नये म्हणून ते रिसीव्हर उचलून बघणार नाहीत. दुपारपर्यंत बघणार नाहीत, संध्याकाळपर्यंतही नाही. मी मेले असं समजतील, पण उचलणार नाहीत.

मोबाईल घेतला आणि 'आई' या नावावर बोट ठेवलं.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. पलीकडून कुणी बोललं नाही. ते त्या बाईची वाट बघत होते. आईकडून घेतलेली सवय, बाईचं बोलणं ऐकून घ्यायचं, मध्येच तोडायचं नाही.

"अण्णा," मी म्हणाले. "मी आहे."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे गल्लीत कुणाचं तरी शटर वर गेल्याचा खडखडाट. आता ते ठेवून देतील असं वाटलं. त्यांनी ठेवला असता तर मी पुन्हा लावला असता का, मला माहीत नाही.

मग माझ्या कानात टूं असा एक लांब आवाज झाला. त्यांनी बटण दाबलं होतं. चांगलं जोरात दाबून धरलं होतं.

आवाज थांबला.

"उघडलं काय?" अण्णांनी विचारलं.

माझ्यापुढे लॅपटॉप उघडाच होता. मला तो दिसेना. आधी मला कळेना की डोळ्यांना काय झालं, मग गालावर आणि हनुवटीवर ओलं लागलं. मी रडत होते. आईचं राहिलेलं रडू होतं ते, एवढ्या वर्षांनी, सोमवारी सकाळी, मेलचे ढीग समोर असताना. ते थांबवता येईना आणि थांबवायचंही नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "उघडलं."

माझा आवाज कसा झालाय ते त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी फोन ठेवला नाही.